मधल्या खटक्यावरचा आवाज

आम्ही तुळजापूरकडून चिखलीला आलो तेव्हा पत्र्याच्या एका खोलीत पाच जण राहायचो. बाबा चाकणला ठेकेदाराच्या हाताखाली खोकी उचलायचे, आई लोकांची धुणीभांडी करायची. खोलीत एक बल्ब, एक पंखा आणि दारापाशी एक लालभडक, छत्रीसारखं बटण. कारखान्यात मशीन एकदम बंद करायला असतं ना, तसलं. ते शेजारच्या साळवेकाकांनी आम्ही न मागता बसवून दिलं होतं. "घर म्हंजी पन येक मशीनच. इमर्जन्सी स्टॉप पायजेच." आईबाबांचं भांडण वाढलं की आई त्यावर थाप मारायची. मिट्ट काळोख. अंधारात नेमकं कुणाकडे बघून ओरडायचं ते बाबांना समजायचं नाही, आणि भांडण तिथंच संपायचं.

त्याच खोलीत अभ्यास करून मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, पण त्याचा त्रासही आहे. गल्लीनं तेव्हापासून ठरवून टाकलं की याला सगळं कळतं. साळवेकाका तर मला नावानं हाक मारतच नाहीत. "ए ग्रॅज्युएट!"

काका आधी बरीच वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या धडधडत्या मशीनवर होते. नंतर भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मशीनचे कंट्रोल पॅनेल जोडायला लागले, आणि तिथलं शहाणपण घरी यायला लागलं. त्यांच्या बाथरूमच्या दिव्याला हिरवं 'स्टार्ट' आणि लाल 'स्टॉप' अशी दोन बटणं आहेत. फ्रिजचं दार उघडं राहिलं तर टीव्ही बंद पडतो. त्याला काका 'इंटरलॉक' म्हणतात. काकू 'छळ' म्हणतात.

अशा माणसाच्या हाती मागच्या वर्षी सुजाताची गिटार लागली.

सुजाता त्यांची मुलगी. एका गायन पार्टीत भीमगीतांना इलेक्ट्रिक गिटार वाजवते. पार्टीचा बँजोवाला अचानक दुसऱ्या पार्टीत गेला आणि जयंतीचा कार्यक्रम तर तोंडावर. मुख्य गायकांनी सुजाताला स्पष्ट सांगितलं, "गिटारवर बँजोसारखं वाजलं पाहिजे. नाहीतर आम्ही बँजोवाला आणतो. दोन माणसं परवडत नाहीत."

सुजाता घरी येऊन रडली. काका म्हणाले, "बँजो काय, भोंगा काढून देतो!"

गिटारच्या तारांखाली पिकअप नावाच्या दोन पट्ट्या असतात. तारेची थरथर त्या पकडतात आणि स्पीकरकडे पाठवतात. ही पट्टी चालू ठेवायची, ती, की मध्ये ठेवून दोन्ही, यासाठी एक इवलासा स्विच असतो. काकांनी तो उपटला आणि तिथं पॅनेलवरचा मुठीएवढा, फिरवायचा खटका बसवला. त्याखाली पाटी: 'ऑटो – ऑफ – मॅन्युअल'. प्रत्येक वायरला नंबरची रिंग. आणि कोपऱ्यात, अर्थातच, लाल बटण.

"हे कशाला, काका?"

"प्रोग्राम पेटला तर?"

मग मला समोर बसवून त्यांनी सिरीज, पॅरलल, फेज असं बरंच समजावलं. "तू ग्रॅज्युएट हायस, तुला कळतंय." माझा विषय कॉस्टिंग होता. मी मान हलवली.

टेस्टिंगला अख्खी गल्ली गोळा झाली. खटका डावीकडे: टोकदार आवाज. उजवीकडे: जाड, घुमणारा. मग सुजातानं खटका मध्ये आणला आणि तारा छेडल्या. टिणटिण, पातळ, नाकातून निघाल्यासारखा आवाज. हुबेहूब बँजो! सुजाता उडीच मारणार होती.

"मेला," काका म्हणाले.

"कोण मेला?"

"आवाज. मधल्यावर सप्लायच न्हाई."

"येतोय की पप्पा!"

"कुटं येतोय?"

"अहो, मला ओट्यापाशी येतोय," काकू आतून ओरडल्या.

"तुमी समदे माझं मन राखताय. पाटीवर बघा काय लिवलंय. ऑफ!"

पाटीवर खरंच 'ऑफ' होतं. आता मलाच कळेना. आवाज मी ऐकला होता, पण पाटी वाचता येणारा माणूस मी. काकांनी विचारलं, "ग्रॅज्युएट, तू सांग. येतोय का न्हाई?" मी म्हणालो, "येतोय... तसा." त्यामुळे दोन्ही बाजू माझ्यावर चिडल्या.

मग रोज संध्याकाळी काका वायरी सोडवायचे, परत जोडायचे. आवाज तोच, वादही तोच. शेवटी त्यांनी एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या करून पाहिल्या. मधल्या खटक्यावर एकदम भरदार आवाज घुमला.

"आला!" काकांचा चेहरा फुलला.

सुजाताचा पडला. बँजो गेला होता. "पप्पा, आधीचा आवाज द्या परत."

"अगं, आदी आवाजच नव्हता. दिऊ काय?"

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, पातळ, कान फाडणारी. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. काका तसेच खाली बघत वायरीवर फुंकर घालत राहिले. दुसरी शिट्टी झाली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"किती शिट्ट्या झाल्या ते यांना कधीच सांगता येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, लक्ष नसतं."

काकांनी वर पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. "काय झालं? लाइट गेली का?"

"पप्पा, कुकर झाला."

"कवा?"

"आत्ता."

काका बराच वेळ हातातली सोल्डरची तार गुंडाळत बसले. मग म्हणाले, "प्रेसवर व्हतो तवा कानात कापूस घालायचो. मागनं कापूस काढला, तरी काढल्यागत वाटंना." आणि माझ्याकडे वळून, "ग्रॅज्युएट, आदीचा आवाज खरंच व्हता?"

"होता, काका."

"कसा व्हता?"

मला सांगता येईना. बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत. "स्टीलच्या ताटात मूग ओतल्यासारखा."

त्यांनी मान डोलावली. वायरी परत उलट्या जोडल्या. सुजातानं तारा छेडल्या. काकांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"आला?"

"आला."

या वेळी त्यांनी वाद घातला नाही. "खटक्याचा एक कॉन्टॅक्ट रिकामा हाय," एवढंच म्हणाले आणि डबा उघडून एक हिरवा दिवा शोधायला लागले. दिवा बसला. खटका मध्ये आला की तो लागायचा.

जयंतीच्या कार्यक्रमात सुजाता स्टेजवर होती, काका खाली पहिल्या रांगेत. गाणं द्रुत झालं, तिनं खटका मध्ये फिरवला, हिरवा दिवा लागला. लोक टाळ्या वाजवत उठले. सगळे गाणं ऐकत होते. काका दिव्याकडे बघत होते, आणि पायानं ठेका धरत होते. ठेका थोडा चुकत होता.

कार्यक्रम संपल्यावर मुख्य गायक खाली आले आणि काकांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "साळवे, बँजोवाला नको आता." पार्टीत सुजाताची जागा पक्की झाली.