जे आधी येईल ते

गाडी घ्यायची हे बायकोने ठरवलं आणि गाडी जपायची हे नवऱ्याने ठरवलं. घरात तंटा व्हावा असं यात काहीच नव्हतं. पण पहिला निर्णय एका दुपारी पार पडला आणि दुसरा वर्षभर पार पडतच राहिला. त्या वर्षात गाडी जितकी जपली गेली तितकं त्या घरातलं दुसरं काहीही जपलं गेलं नाही.

नवरा पाणीपुरवठा खात्यात होता. कुठल्या पंपाला तेल कधी द्यायचं, कुठला पंप कधी बंद ठेवून उघडायचा, याचं वेळापत्रक आखणं हे त्याचं काम. ऑफिसात त्याला सगळे 'तपासनीस' म्हणत. (त्याच्या हुद्द्यात हा शब्द कुठेही नव्हता. पण एकदा त्याने मोठ्या साहेबांच्या खुर्चीचे स्क्रू तपासले होते, तेही साहेब खुर्चीत बसलेले असताना.)

बायको शाळेत गणित शिकवायची. नोकरी संपली तेव्हा हातात जे आलं त्यातून तिने ही हायब्रिड गाडी घेतली, आणि घेतली ती ताईसाठी. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. डोंगरातल्या एका छोट्या गावात एकटी राहायची, गुडघे गेलेले, बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. बाकी कशाचा हट्ट नव्हता तिला, पण समुद्र एकदा बघायचा होता. गाडीची किल्ली हातात आली त्याच दिवशी बायकोने फोन करून सांगितलं, 'ताई, बॅग भर. रविवारी येतो.'

शनिवारी तपासनीस गाडीची माहितीपुस्तिका वाचायला बसला आणि घोडं तिथेच अडलं.

पुस्तिकेत लिहिलं होतं की सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटर झाल्यावर किंवा एक वर्षाने, जे आधी येईल ते. साधा माणूस एवढं वाचतो, मान हलवतो आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून विसरतो. तपासनीस साधा माणूस नव्हता. या गाडीत पेट्रोलचं इंजिन होतं आणि बॅटरीवर चालणारी मोटरही होती, आणि कुणी कधी राबायचं हे गाडीच ठरवत होती. म्हणजे मोटर राबते तेव्हा इंजिन आराम करतं. मग त्या आरामाचे किलोमीटर इंजिनच्या नावावर का लावायचे? हा प्रश्न त्याला झोपू देईना. दोघांचे किलोमीटर वेगळे मोजल्याशिवाय कुठली मुदत आधी येते ते कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय लांब जाणं म्हणजे आंधळेपणा, असं त्याचं मत पडलं.

तेव्हा रविवारी समुद्राऐवजी भाजीबाजार झाला. तो गाडी चालवत होता आणि बायको शेजारी बसून डॅशबोर्डवरच्या पडद्याकडे बघत, कोण राबतंय ते पुकारत होती. 'इंजिन. मोटर. मोटर. इंजिन.' काचा खाली होत्या. बाजारातल्या भाजीवालीला वाटलं, बाई नवऱ्याला गाडी शिकवतायत. तिने आपली टोपली लांब सरकवून घेतली. (खरं तर बायकोला गाडी उत्तम यायची, लग्नाच्याही आधीपासून. पण दोन माणसांच्या दोन सवयींनी ब्रेक वाकडेतिकडे झिजतात, या सबबीखाली तपासनिसाने तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.)

मग भिंतीवर तक्ता आला. इंजिन ऑइल, टायर, ब्रेकचं तेल, इंजिन थंड ठेवणारा कूलंट, बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरचा वेगळा कूलंट, मागच्या सीटखाली बॅटरीला वारा घालणाऱ्या पंख्याची जाळी. प्रत्येकाची मुदत वेगळी, प्रत्येकाला रंग वेगळा. त्यातच त्याच्या वाचनात आलं की या गाडीत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, त्यामुळे ब्रेक कमी झिजतात, पण वापराअभावी गंजू शकतात. तेव्हापासून तो अधूनमधून इमारतीच्या आवारात गाडी जोरात नेऊन करकचून ब्रेक मारू लागला. तळमजल्यावरचे दंतवैद्य एकदा ड्रिल हातात घेऊन बाहेर आले. आत त्यांचा पेशंट आ वासून बसला होता आणि ब्रेकच्या आवाजाने डॉक्टरांचा हात चुकता चुकता राहिला होता. तपासनिसाने त्यांना ब्रेकच्या गंजाविषयी समजावून सांगितलं. त्यांनी ते दातांच्या एखाद्या तक्रारीसारखं ऐकून घेतलं.

पाणीपुरवठ्यात एक शिस्त होती. मोठं काम काढायचं तर येत्या पंधरवड्यात ज्याची ज्याची मुदत भरते ते सगळं आधी उरकून घ्यायचं. पंपांसाठी ती शिस्त चांगलीच आहे. पण घरच्या तक्त्यात इतके रंग होते की येत्या पंधरवड्यात कशा ना कशाची मुदत भरायचीच. जाळी झाली की टायर यायचे, टायर झाले की कूलंट डोकं वर काढायचा. आणि सगळं उरकून एखादा आठवडा मोकळा निघालाच, तर तो मोकळा कसा निघाला याची तपासणी व्हायची.

ताईने तीनचार वेळा बॅग भरली आणि तितक्याच वेळा उपसली. तपासनीस स्वतः फोनवर तिला कारण सांगायचा, कारण कारण सांगायला त्याला मनापासून आवडायचं. इन्व्हर्टर म्हणजे काय इथपासून सुरुवात असायची. ताई बिचारी 'हो का', 'असं असतं का' म्हणत राहायची आणि शेवटी म्हणायची, राहू दे, घाई नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकायची. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण पंचवीस वर्षं मुलांना गणित शिकवलेली बाई होती, चुकीचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायची तिला सवय होती.

एकदाच ती तक्त्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यात ताई कुठल्या रंगात आहे?"

"ताईंचा काय संबंध?"

"तिचंही वय होतंय. तिचंही काहीतरी आधी येईलच की."

तपासनिसाने गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं की माणसांना अशी छापील मुदत नसते, त्यामुळे त्यांचं नियोजन करता येत नाही. आपण काय बोललो हे त्याला कळलं नाही. तिला कळलं, आणि त्यानंतर तिने समुद्राचा विषय काढला नाही. विषय संपला असं समजून त्याला बरं वाटलं.

वर्ष संपत आलं तेव्हा त्याने गाडी बाहेर काढणंही सोडलं. आता महिन्या-दीड महिन्यात वार्षिक सर्व्हिसिंग होतंच आहे, उगीच कशाला किलोमीटर वाढवा, असा हिशेब. गाडीवर कव्हर घातलं, कव्हरवर धूळ बसली, ती धूळ तो रोज सकाळी झटकायचा.

आणि एका सकाळी ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, तिथल्या इस्पितळात नेलं होतं, घरचं कुणीतरी लगेच हवं होतं.

दोघं धावत खाली आली. कव्हर ओढून काढलं. रिमोटचं बटण दाबलं, दार उघडलं नाही. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. तपासनिसाने स्टार्टचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, अंगठा लाल होईपर्यंत दाबलं. गाडी ढिम्म. मागच्या सीटखाली मोठी बॅटरी होती, टाकी पेट्रोलने काठोकाठ भरलेली होती, पण या दोघांना जागं करायला गाडीत एक छोटी साधी बॅटरी असते, ती उभ्या उभ्या उतरली होती. तक्त्यात ती नव्हती. तिच्यावर 'देखभालीची गरज नाही' असं कंपनीनेच छापलं होतं, आणि छापलेल्यावर तपासनिसाचा विश्वास होता.

बायकोने मागच्या सीटवरची आपली पिशवी उचलली आणि फाटकाशी जाऊन टॅक्सीला हात केला.

"थांब ना," तो म्हणाला, "तासाभरात माणूस येईल, चालू करून देईल."

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "तुम्हाला ते जमतं."

माणूस आला, दोन वायरी जोडल्या, गाडी जागी झाली. गाडी अशी उभी ठेवू नका, चालवत जा, असं तो जांभई देत म्हणाला. तपासनिसाने विचारलं की किती दिवसांनी. मनात येईल तेव्हा, असं उत्तर मिळालं. याला तक्त्यात रकाना नव्हता.

यानंतर कुठलाही नवरा सरळ डोंगराच्या रस्त्याला लागला असता. तपासनीस आधी सर्व्हिसिंगला गेला. वाटेत गाडीने पुन्हा दगा दिला तर काय, आणि वर्षाची मुदत तशीही त्याच आठवड्यात भरत होती. तिकडे बायको एकटीने सह्या करत होती, औषधांच्या दुकानात खेपा घालत होती, ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून होती. इकडे हा काचेपलीकडून पंख्याची जाळी बदलताना बघत होता. हे लिहिताना चीड येते, पण तो खरोखर बघत होता.

दोन दिवसांनी तो इस्पितळाच्या दारात पोचला तेव्हा गाडी लखलखत होती. वर जाऊन त्याने जाहीर केलं की आता सगळं एकदम ओके आहे, ताई, म्हणाल तेव्हा समुद्राला निघू.

ताई उशीवरून हसली. "हाड जुळेपर्यंत डॉक्टरांनी गाडीत बसायला बंदी केलीय हो," ती म्हणाली. "मला पण मुदत दिलीय त्यांनी."

"किती?" तपासनिसाने सवयीने विचारलं.

बायकोने फक्त हात पुढे केला. त्याने किल्ली दिली आणि टायरमधल्या हवेबद्दल सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने मूठ मिटली होती. इथे ने-आण करायला गाडी लागेल, तुम्ही बसने जा, असं तिने सांगितलं. तो बसने घरी आला. ती आली नाही. ताई काठी घेऊन चालू लागेपर्यंत, असं आधी ठरलं होतं. मग ताई काठी घेऊन चालू लागली आणि पुढचं काहीच ठरलं नाही. फोनवर ती त्याला जेवलात का विचारायची, तो तिला गाडीचं विचारायचा, आणि बोलणं संपायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, ऑफिसात पंपांची मीटिंग चालू असताना, त्याच्या फोनवर गाडीच्या ॲपने कळवलं की गाडी सुरू झाली आहे. त्याने टेबलाखाली फोन धरून बघितलं. नकाशावरचा ठिपका डोंगर उतरत होता. पुढच्या दोन्ही सीटचे पट्टे लावलेले होते. दुपारी ठिपका निळ्या रंगाच्या काठाशी जाऊन थांबला आणि तिथून कितीतरी वेळ हलला नाही. साहेबांनी दोनदा काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. आपल्याला विचारलंसुद्धा नाही, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

संध्याकाळी घरी तो फोन समोर ठेवून बसला. आज तरी ती सांगेल, निदान एखादा फोटो पाठवेल. दिवेलागणीला फोन वाजला. त्याने झडप घालून उचलला आणि चष्मा लावून वाचलं.

'अभिनंदन! तुमच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीत अलीकडे लक्षणीय सुधारणा झाली आहे. त्यामुळे तुमच्या गाडीला इतक्यात सर्व्हिसिंगची गरज नाही. असेच फिरत राहा.'