आईचा काढा आणि ब्रीडाबाईंचा कॉयर

इथे आयर्लंडात, ओंगारच्या आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या मंडळात, यंदा ख्रिसमसचा सोलो मीच गाणार, असं मी आईला ठोकून दिलं होतं. अगदी छातीठोकपणे! खरं म्हणजे मी शेवटच्या रांगेत, हीटरला चिकटून उभा असतो. आणि आमच्या संचालिका ब्रीडाबाई दर सरावाला प्रेमाने सांगतात, "उपेंद्र, जरा हळू हं!" सोलो आमच्या हुकमी गायकाचा, डेक्लनचा होता.

थाप उगाच नव्हती मारली. एप्रिलमध्ये बाबा गेले. आईला मी सांगलीहून इकडे आणलं, पण ती आपली खिडकीपाशी बसून राहायची. बाहेर साडेचारलाच अंधार, दिवसभर रिपरिप. आठ महिने झाले, बाई एकदाही हसली नव्हती. घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. "तुझा सोलो आहे म्हणतोस, तर येते," एवढं म्हणाली आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

आणि नेमकं कार्यक्रमाच्याच दिवशी वादळ! ऑरेंज वॉर्निंग! आमच्या कुंपणाची फळी उडून शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन बसली. "रद्द होणार बघ," माझी बायको मेधा म्हणाली. मेधाला ब्रीडाबाई माहीत नाहीत. त्यांचा मेसेज आला: 'थोडा वारा सुटलाय. चारला या.'

हॉलवर पोचलो तेव्हा बाकीचे सतरा गायक ओलेचिंब होऊन कुडकुडत होते.

"अरे, यांचे गळे बसतील! किचन कुठाय?" आई म्हणाली. पर्समधून सुंठ, मिरी, लवंगा, ज्येष्ठमध असा सगळा ऐवज बाहेर आला. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा स्वतःहून कशासाठी तरी उठली होती. मी कसला अडवतोय!

"मिरी किती घालू रे?"

"घाल की सगळी!" मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

आता आयरिश माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. आणि माझी आई 'नाही' ऐकून घेत नाही! डेक्लनने काढ्याचा पहिला घोट घेतला. कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या.

"ग्रँड," तो कसाबसा म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"छान झालाय म्हणतोय."

"मग अजून घे की रे बाळा! टेक, टेक!"

प्रत्येकाच्या पोटात दोन-दोन कप गेले. मीही दोन रिचवले. मला लहानपणापासून सवय आहे.

पंधरा मिनिटांत सतरा माणसं खोकायला लागली! एक थांबला की दुसरा सुरू. डेक्लन टॉयलेटकडे पळाला, त्याच्यामागे रांग लागली. आणि बाहेर हॉलमध्ये खुर्च्यांवर अकरा म्हातारी माणसं रेनकोट घालून वाट बघत बसलेली. त्यातल्या एक आजी तर वॉकर ढकलत आल्या होत्या.

"एवढ्या वादळातून आलेत बिचारे, परत कसं पाठवायचं?" ब्रीडाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी न खोकणारा माणूस शोधला. एकच सापडला.

"उपेंद्र," त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "आज मोठ्याने गायलास तरी चालेल."

मी पुढे आलो. पहिल्या रांगेत आई आणि मेधा. मला गाण्याची पहिली ओळ येत होती. पुढचं मी दोन वर्षं हीटरपाशी नुसतं गुणगुणलो होतो. तेव्हा तिन्ही कडव्यांना मी तीच ओळ गायली! मागे सतरा जणांचा खोकला चालू. वरच्या सुराला माझा आवाज असा फाटला, की समोरच्या आजोबांनी कानातलं मशीन काढून शांतपणे खिशात ठेवलं. मेधा छताकडे बघत बसली.

आईने मात्र पदरात तोंड लपवलं होतं. खांदे गदगदत होते. आई रडत होती हो! मला इतकं भरून आलं, की मी चौथ्यांदा ती ओळ घेतली.

टाळ्या पडल्या, मुख्यतः गाणं संपल्याच्या. मी धावत जाऊन आईजवळ बसलो. "आई, नको ना रडू!"

तिने पदर बाजूला केला. बाई हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून हसत होती!

"अरे, अगदी तुझ्या बाबांचा आवाज रे!"

"खरंच?" माझा ऊर भरून आला.

"अगदी तोच! पण ते शहाणे होते," आईने डोळे पुसले. "चाळीस वर्षांत एकदाही चारचौघांत गायले नाहीत."