कोरड्या तलावातले दोनशे बारा

तोरणखेड नगरपरिषदेच्या सार्वजनिक जलतरण तलावात पाणी नाही, ही बाब नगरपरिषदेच्या निदर्शनास आली तेव्हा पाणी जाऊन दोन वर्षे उलटली होती. बहात्तरच्या दुष्काळात गुरांसाठी म्हणून ते उपसून नेले. आता दोन वर्षांनी पुन्हा भरायला घेतले, तर तळाला अंगठाभर रुंद तडा. सकाळी भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत कुठे जाते हे शोधायला उपसमिती नेमली गेली. उपसमितीने चार बैठका घेऊन 'पाणी खाली जाते' असा एकमताने निष्कर्ष काढला, सभेने तो टाळ्या वाजवून मंजूर केला आणि विषय संपला.

विषय संपलेला नाही, असे गावात एकाच व्यक्तीचे मत होते, आणि ती व्यक्ती नववीत शिकत होती.

तिचे नाव गंगू. तिचे वडील देवमन जवळच्या जऊळका रेल्वे स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन. स्टेशनामागे रेल्वेची विहीर होती. गावच्या विहिरींत देवमनला लहानपणी कोणी उतरू दिले नव्हते, पण रेल्वेची विहीर कोणाला आडनाव विचारत नसे. त्याने सहा वर्षांच्या गंगूच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधून तिला त्या विहिरीत ढकलले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळे सोडले. आता ती वरून उडी घेई, तळाची मूठभर माती काढून आणी आणि वर येऊन विचारी, "किती मोजले बाबा?" देवमन कधी पन्नास सांगे, कधी साठ. घाबरून मोजायचे विसरलो, हे त्याने कधीच कबूल केले नाही.

शाळेत पी. टी. घेणाऱ्या विमलबाईंनी दिवाळीच्या तोंडावर एक छापील फॉर्म आणला. फेब्रुवारीत अकोल्याला शालेय जलतरण स्पर्धा होती. गंगूने त्यावर नाव घातलेही. मग बाईंनी मागची बाजू वाचली.

"मान्यताप्राप्त सार्वजनिक जलतरण तलावात किमान ऐंशी दिवस सराव केल्याचा दाखला जोडावा."

"विहीर नाई चालत काय, बाई?"

"विहिरीले कोनं मान्यता देल्ली वं?"

म्हणून गंगू नगरपरिषदेत गेली. तिने अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिले होते की, तलावात पाणी सोडावे अथवा जुना मोडून नवा तलाव बांधावा. हेडक्लार्क गोविंदसिंग, ज्यांना सारे गाव बडे बाबू म्हणे, त्यांनी अर्ज वाचला. 'नवा' हा शब्द फार वर्षांनी कागदावर पाहून त्यांचे डोळे क्षणभर पाणावले. त्यांनी कपाटातून जिल्ह्याचा नमुना काढला आणि पहिल्याच रकान्यावर बोट ठेवले: विद्यमान तलावात दररोज सरासरी किती नागरिक पोहतात.

"शून्य," बडे बाबू रजिस्टर पाहून म्हणाले. "कोनी पवतच नाई. मंग नवा कायले पायजे?"

"पानीच नाई त कोन पवन, बाबूजी?"

"हे झालं कारण. रकान्यात कारणाले जागा नाई, बाई. आकडा लिहा लागते."

प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे गेला. अध्यक्ष पूनमचंदशेठ यांचे कापडाचे दुकान होते, आणि ते बोलणेही मोजून, फाडून, घडी घालून देत. त्यांनी निर्णय दिला तो असा: आधी आकडा, मग तलाव. उद्यापासून पोहण्याचे रजिस्टर पुन्हा उघडावे आणि नागरिकांनी उपलब्ध परिस्थितीत पोहावे.

उपलब्ध परिस्थिती म्हणजे तळाला तडा गेलेला, उन्हात पांढरा पडलेला सिमेंटचा खड्डा.

या ठरावाने सर्वांत जास्त आनंद झाला तो तलावाचा पहारेकरी भिवाजी याला. दोन वर्षे त्याची शिटी गळ्यात नुसती लोंबत होती. त्याने खाकी सदरा धुतला, नियमांची पाटी पुसली आणि फाटकाशी टेबल मांडून बसला. भिवाजी नियमाचा पक्का माणूस. सही केल्याशिवाय आत प्रवेश नाही. पाय धुतल्याशिवाय तलावात उतरायचे नाही, त्यासाठी तो घरून बादली भरून आणी. तलावावर आलेले एवढेच पाणी. ज्याला पोहता येत नाही त्याने आठ फूट खोल बाजूला जायचे नाही. आणि तलावात थुंकू नये.

गंगू रोज सकाळी शाळेआधी येई, सही करी, पाय धुई आणि खोल बाजूला पोते अंथरून पालथी पडे. मग हात मारी, पाय मारी, मान वळवून श्वास घेई. काठावर जमलेली मंडळी सल्ला देत.

"पोट्टे, पुढं सरकून नाई राह्यली तू."

"पानी सोडा, मंग पाहा," गंगू श्वास न मोडता सांगे.

एकटीच्या आकड्याने नवा तलाव मिळणार नव्हता. ते तिला कळत होते, म्हणून तिनेच घरोघर जाऊन लोकांना बोलावले. एक सही द्या, गावाचा तलाव होईल. लोक आले. आल्यावर त्यांना दिसले की जागा मोठी सपाट आहे, वारा लागत नाही आणि वर ऊन छान पडते. पत्ते कुटणाऱ्यांनी उथळ बाजूचा कोपरा धरला. भजनी मंडळाला तिथे आवाज घुमतो असे आढळून आले. पूर्वी तलाव भरलेला असताना, त्यात कोणीही उतरू शकतो हे कळल्यापासून काही चांगल्या घरची माणसे 'पाणी लय गार लागते' म्हणून येईनाशी झाली होती. तीही आता सहकुटुंब येऊ लागली. सिमेंटला काही गार लागायचे नव्हते.

महिला सदस्या कंचनबाई यांनी स्त्रियांच्या पोहण्यासाठी दुपारी बारा ते तीन अशी वेळ राखून घेतली आणि काठाला आडोशासाठी बांबूच्या तट्ट्या लावून घेतल्या. त्या वेळात मुगाचे पापड इतके सुंदर वाळत की शेलूबाजारला दिलेल्या लेकी माहेरी येताना पीठ घेऊन येऊ लागल्या. एकदा पापड पसरता पसरता कंचनबाई उतारावरून पुढे गेल्या, तर भिवाजीने शिटी मारली.

"बाईसाहेब, मांगं या. तिकडं खोल हाय."

"अरे, पापडाले काय बुडाची भीती हाय काय?"

"पापडाचं जाऊ द्या. उचलाले तुमी जासान. तुमाले पवता येते काय?"

कंचनबाई निमूटपणे उथळ बाजूला आल्या. भिवाजीच्या कारकीर्दीत एकही माणूस बुडाला नाही तो असा.

जानेवारीत बडे बाबूंनी सरासरी काढली. दोनशे बारा. गंगूने आकडा स्वतः रकान्यात लिहिला, कारण तिचे अक्षर चांगले होते. प्रस्ताव जिल्ह्याला गेला. तीन आठवड्यांत उत्तर आले. इतक्या लवकर उत्तर आले तेव्हाच बडे बाबूंना संशय आला होता.

पत्रात लिहिले होते की, ज्या तलावात रोज दोनशे बारा नागरिक पोहतात आणि एकही दुर्घटना नाही, तो तलाव आदर्श असून तो बदलण्याचे प्रयोजन दिसत नाही. दुरुस्तीसाठी तो बंद ठेवल्यास दोनशे बारा नागरिकांची गैरसोय होईल, सबब दुरुस्तीही करू नये.

खास सभा भरली, तीही तलावातच, कारण सभागृहात एवढी माणसे मावेनात. जुना तलाव पाडायचा की ठेवायचा यावर तीन तास वाद झाला. 'पाडा' म्हणणारे चार जण होते आणि त्यांपैकी दोघांना ऐकू कमी येत होते. बाकी सारे जुन्या तलावाच्या बाजूने पेटून उठले. पत्ते मंडळाच्या वतीने सांगण्यात आले की पाणी सोडल्यास पोहणाऱ्यांचे हाल होतील. कंचनबाईंनी विचारले की भरल्या तलावात स्त्रियांनी पोहायचे कुठे.

गंगू उभी राहिली. "मले बोलाचं हाय. हे सारं आपन पान्यासाठी केलं होतं. तडा बुजवा अन् पानी सोडा. मले पवाचं हाय, पान्यात."

पूनमचंदशेठ तिच्याकडे प्रेमाने पाहून हसले. "बेटा, तुया एकटीसाठी दोनशे अकरा मान्सं बुडवू काय?"

पाणी सोडण्यास कायमची बंदी करणारा ठराव दोनशे सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. गंगूच्या बाजूने पडलेल्या मतांत एक भिवाजीचे होते. तो म्हणाला, पाणी असते तर शिटीला जरा अर्थ राहिला असता.

मात्र गंगूवर अन्याय झाला असे कोणी म्हणू नये. नगरपरिषदेने तिला दाखला दिला. कुमारी गंगू देवमन हिने या तलावात नव्वद दिवस, एकही खाडा न करता, पोहण्याचा सराव केला आहे. खाली सही, वर शिक्का. गंगूने तो हातात घेतला, दोनदा वाचला, आणि फॉर्मला जोडला. स्पर्धेला जायचे तर दुसरी वाट नव्हती.

अकोल्याला तिने पहिल्यांदा सरळ रेषेतले पाणी पाहिले. विहिरीत भिंत आली की वळसा घेता येतो. इथे भिंत आली की तिला पाय लावून उलटे फिरायचे होते, हे तिला भिंत डोक्याला लागल्यावर कळले. तरी तिसरी आली. पदक कांस्याचे होते. देवमनने ते गाडीत दाताखाली धरून पाहिले.

तोरणखेडने सत्कार ठेवला. खोल बाजूला मंच, उथळ बाजूला खुर्च्या. शेजारच्या दोन नगरपरिषदांचे शिष्टमंडळ जीपने आले होते. पाण्याशिवाय पदक कसे आणतात याचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यांच्यातल्या एकाने बडे बाबूंना बाजूला घेऊन विचारले, की आमचा तलाव भरलेला आहे, तो रिकामा करायला मंजुरी कोणाची लागते. पूनमचंदशेठांनी भाषणात सांगितले की ज्यांना पाणी हवे होते त्यांना या पोरीने परस्पर उत्तर दिले आहे. टाळ्या झाल्या. मग शाल पांघरलेल्या गंगूला दोन शब्द बोलायला सांगितले.

"मी जऊळक्याच्या विहिरीत शिकली," गंगू म्हणाली. "बाबानं शिकवलं. इथं मी नव्वद दिवस पोत्यावर पडली. पवली एकबी दिवस नाई. माहा दाखला खोटा हाय, अन् तुमचा आकडाबी. तो मीच लिव्हला, म्हनून मले मालूम हाय. आतातरी पानी सोडा."

तलावात इतकी शांतता पसरली की भिवाजीने वरून डोकावून सारे सुखरूप आहेत ना ते पाहिले.

"एवढी गुनाची पोट्टी," कंचनबाई हळहळल्या, "अन् भर सभेत खोटं बोलते."

"मंजे आमी दोनशे अकरा खोटे," पूनमचंदशेठ म्हणाले, "अन् तू एकटी खरी काय?"

"हो," गंगू म्हणाली.

बडे बाबूंनी रजिस्टर मागवले. बाब सरळ होती. जी व्यक्ती आपण पोहलो नाही असे स्वमुखाने सांगते, तिचे नाव पोहणाऱ्यांच्या रजिस्टरात ठेवता येत नाही. नव्वद सह्यांवर नव्वद रेघा मारण्यात आल्या. दाखला रद्द, आणि त्यावर मिळालेले पदक नगरपरिषदेकडे जमा करावे असा आदेश तिथेच निघाला. देवमन मागच्या रांगेतून उठला, मंचावर आला आणि त्याने लेकीच्या गळ्यातले पदक काढून हातात घेतले. लोकांना वाटले, शहाणा माणूस आहे.

"हे मी जऊळक्याच्या विहिरीत टाकून देतो," तो म्हणाला. "ज्याले पवता येत असन त्यानं काढून घ्यावं."

आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते खरेच टाकले. पदक वसूल करण्यासाठी नगरपरिषदेने रजिस्टरातल्या दोनशे अकरा जणांना आळीपाळीने नोटिसा दिल्या. प्रत्येकाची प्रकृती त्या त्या दिवशी बरी नव्हती. गंगू रविवारी विहिरीत उडी घेते, तळाशी हात लावून पदक आहे ना ते पाहते आणि तसेच ठेवून वर येते. तिचे नाव रजिस्टरात नाही, तेव्हा ते वर आणण्याचा आदेश तिला नाही.

हे सारे तुम्हाला अतिशयोक्त वाटत असेल, तर तोरणखेडला येऊन तलाव डोळ्यांनी पाहावा. फाटकाशी भिवाजी रजिस्टर पुढे करील. पाहायला आला असलात तरी सही करावीच लागेल, आणि उन्हात उभे राहून वाद कोण घालतो, तुम्ही कराल. गंगूचे नाव गेल्यापासून सरासरी एकाने कमी पडते आहे, तेवढी भरून निघेल. मग भिवाजी विचारील, "पवता येते काय?" तुम्ही काठावरून आत डोकावाल, पाण्याचा थेंबही नाही हे नीट पाहून घ्याल, आणि छाती काढून म्हणाल, "येते की."