जिचं नाव आक्का घेत नाहीत ती शेरी

आमच्या शेजारच्या आक्का ज्या गल्लीत राहतात, त्या गल्लीचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही.

सुरतेच्या जुन्या भागात गल्लीला शेरी म्हणतात. आमची ती हिरामणनी शेरी. आणि आक्कांच्या मालकांचं नाव हिरामण. आमच्या खान्देशात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मीही आमच्या ह्यांचं नाव घेत नाही. पण ह्यांच्या नावाची गल्ली कुठे नाही, त्यामुळे माझं काही अडत नाही.

आक्कांचं पावलोपावली अडतं. स्टेशनवरून रिक्षा केली की त्या सांगायला लागतात, "भाई, चौक से डावे हाथ, फिर लिमडे का झाड, फिर रसिकभाई दरजी, बस, उतार देना."

"पण शेरीनुं नाम शुं, मासी?"

"नाम से तेरेकू क्या काम? मैं बैठेली है ना."

एकदा एक रिक्षावाला हट्टालाच पेटला, नाव सांगा नाहीतर उतरा म्हणाला. आक्कांनी खूण सांगितली, "वो चमचम खडे घिसते ना, वैसा नाम." त्याने त्यांना नेऊन कतारगामला हिरे घासायच्या कारखान्यासमोर सोडलं. तिथून त्या उन्हात चालत आल्या. ओट्यावर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माणूस चांगला व्हता. अक्कल तेवढी कमी व्हती."

हिरा हा शब्दच त्यांना चालत नाही, आणि शहर तर हिऱ्यांचं. हिरवा शब्दही चालत नाही, कारण सुरुवात तीच. भाजीवालीकडून मिरची घेताना त्या म्हणतात, "पानांच्या रंगाची दे." भाजीवाली एकदा चेष्टेने म्हणाली, "मासी, पोपटी बोलो ने." त्यावर आक्का मिरची न घेताच परत आल्या. पोपटाचं तर त्यांना त्याहून वावडं.

त्याचं कारण काशीबेन. काशीबेन समोरच्या घरात राहतात, जन्माने इथल्याच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा हिरामण म्हणजे एका शेठचा पोपट. शेरीत आग लागली तेव्हा तो ओरडला, सगळे जागे झाले, म्हणून शेरीला त्याचं नाव. रसिकभाई दरजी म्हणतात, छे, तो नावाडी होता, तापीला पूर आला की माणसांना होडीतून काढायचा. कापड कापताकापता ते दरवेळी पुराचं पाणी थोडं वाढवतात. मी आले तेव्हा गुडघ्याएवढं होतं, आता पहिल्या मजल्यापर्यंत गेलंय.

आक्कांना दोन्ही मान्य नाही. त्या सांगतात, तो आपल्याकडचा विणकर होता. डोक्यावर माग घेऊन तापीच्या काठाकाठाने चालत आला आणि इथे टेकला. "शिरपूरकडनं पानी जर अठे येस, तर माणूस नही का येवाव?" असं त्या विचारतात. ह्याला पुरावा काय, असं रसिकभाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "तुमना नावाडीले काय पुरावा शे?"

आम्ही ह्या शेरीत राहायला आलो तेव्हा आमचे हे नवीनच एका कारखान्यात मागावर लागले होते. पहिल्या दिवशी आक्का वाटीभर ठेचा घेऊन आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाल्या, "आम्ही दोन जण. त्या कामरेजले जायेल शेतस, येतीन."

त्या म्हणजे त्यांचे मालक. कामरेज म्हणजे बसने तासाभराची वाट. संध्याकाळी कुणी आलं नाही. महिना झाला तरी कुणी आलं नाही. दिवाळी झाली. तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की शेरीत सगळ्यांना हे माहीत आहे आणि कुणी विचारत नाही. तेव्हापासून मीही विचारलं नाही. रोज दोन माणसांचं पीठ मळतात आणि उरलेली भाकरी सकाळी कुस्करून खातात, एवढं मी पाहते.

मग सुरतेत ती प्लेगची साथ आली. ज्याला जशी गाडी मिळाली तसा तो गावी पळाला. आम्हीही निघालो. मी आक्कांना म्हटलं, चला आमच्याबरोबर. त्या म्हणाल्या, "मना पापड वाळी ऱ्हायनात." परत आलो तेव्हा अख्ख्या शेरीत एकच दार उघडं होतं. पापड मात्र कुठे दिसले नाहीत.

साथ गेल्यावर म्युन्सिपालटीने शहर धुवून काढलं. गटारं बांधली, रस्ते रुंद केले आणि जुन्या पाट्या काढून नव्या लावायला सुरुवात केली. एक दिवस रसिकभाईंनी बातमी आणली की आमच्या शेरीचं नाव बदलणार. इथे पूर्वी राहणारे कुणी शेठ वारले होते. त्यांची मुलं संगमरवरी पाटी द्यायला तयार होती. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत ऑफिसात येऊन सांगायचं.

हरकत कुणाची नव्हती. काशीबेन म्हणाल्या, "पोपट करतां शेठ सारा." म्हणजे पोपटापेक्षा शेठ बरा. उलट सगळ्यांना वाटलं, आक्कांची आता सुटका झाली. शेठचं नाव त्यांना खुशाल घेता येईल.

काशीबेन त्यांना तसं म्हणाल्याही. काशीबेनचे मालक वारलेले. त्या वर आणखी म्हणाल्या, "मारा तो गया, एटले हुं तो हवे छूटथी बोलुं. नटवरलाल, नटवरलाल. तुं पण बोल ने एक वार, शुं थवानुं छे?"

आक्का उठून घरात गेल्या. चार दिवस काशीबेनशी बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. "तुले लिवता येस ना?" म्हणाल्या. "अर्ज लिही. नाव बदलानं नही."

मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकले आहे, अर्ज कधी लिहिला नाही. त्या म्हणाल्या, चौथी म्हणजे पुष्कळ झालं. मग मीच विचारलं, आक्का, तुम्ही तर हे नाव घेतसुद्धा नाही, मग राहिलं काय आणि गेलं काय?

तेव्हा त्यांनी सांगितलं.

गावाहून नवीन आले तेव्हा त्यांचे मालक रोज वाट चुकायचे. कारखान्यातून सुटले की भलतीकडेच जायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, राहत होते त्या गल्लीचं नाव डोक्यात टिकत नव्हतं. एकदा दोन दिवस सापडले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं, अशा अशा नावाच्या शेरीत एक खोली रिकामी आहे. खोली गळकी होती, उजेड नव्हता. दुसरीकडे ह्याहून मोठी मिळत होती.

"मीच सांगं, हाईच खोली लेऊ," आक्का म्हणाल्या. "माणूस बाकी सगळं इसरी. सोतानं नाव इसरस का कोनी?"

त्यानंतर ते कधी चुकले नाहीत. कुठूनही कुणालाही आपलं नाव सांगायचे आणि लोक आणून सोडायचे. मग कामरेजला काम आहे असं ऐकून एक दिवस सकाळी गेले.

"येतीन," आक्का म्हणाल्या. "पन नाव बदलनं तर कोनले इचारतीन?"

मी वही काढली आणि अर्ज लिहिला. खाली आक्कांचा अंगठा आणि माझी सही.

ऑफिसात बोलायचं काम माझ्याकडे होतं. वाटेत मी चार वाक्यं घोकून ठेवली होती. टेबलामागच्या साहेबांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. "आ मराठी अक्षर मने नथी उकलता. मोढे बोलो, बेन. कई शेरी?" कागद राहू दे, कुठली शेरी ते तोंडाने सांगा म्हणत होते.

माझ्या मागे सात-आठ माणसं उभी होती. घोकलेली चारही वाक्यं मी विसरले. मी आक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. एकीला बोलायची चोरी आणि दुसरीला लाज.

"शेरीने कंई नाम तो हशे ने?" साहेब म्हणाले.

मागून कुणीतरी हसत म्हणालं, "घर भूली गयां लागे छे."

आक्कांनी मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं. पुन्हा साहेबांकडे वळल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हात जोडले, आणि लग्नातल्या पंगतीत घेतात तसा, खणखणीत आवाजात, शुद्ध भाषेत उखाणा घेतला:

"तापीच्या काठी सुरत, सुरतेत ही शेरी,
हिरामणरावांचं नाव घेते, येतील ते माघारी."

उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. आणि उखाणा घेते ती जिचा नवरा आहे ती बाई.

साहेबांनी विचारलं, "आ शुं कह्युं?" माझी जीभ तेव्हा कशी सुटली मला माहीत नाही. मी म्हटलं, "हिरामणनी शेरी. नाम ऐसाही रखना. इनका आदमी आनेवाला है." त्यांनी आक्कांच्या कुंकवाकडे पाहिलं, मग खाली पाहून कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

शेठचं नाव पुढे चौकाला दिलं. आमच्या अर्जामुळे की कशामुळे, ठाऊक नाही. रसिकभाई सांगतात, शेठच्या मुलांची मोटार आमच्या शेरीत शिरेना, म्हणून त्यांनी चौक घेतला. काशीबेन म्हणतात, पोपटाने राखलं.

आमच्या शेरीच्या तोंडाशी नवी निळी पाटी आली, तिच्यावर पांढरी अक्षरं. आक्कांची बोली तीच राहिली. रिक्षावाल्याला लिमडा आणि दरजी, भाजीवालीला पानांच्या रंगाची मिरची.

फक्त एक नवीन सुरू झालं आहे. संध्याकाळी आम्ही दोघी भाजी घेऊन परतलो की त्या पाटीखाली थांबतात. "काय लिव्हेल शे, वाच बरं," म्हणतात. गुजराती अक्षरं आपल्यासारखीच, डोक्यावरची रेघ तेवढी नाही. मी वाचते, हिरामणनी शेरी. त्या मान खाली घालून ऐकतात आणि नव्या नवरीसारख्या पदर पुढे ओढतात.

पहिल्यांदा मी हळूच वाचलं होतं, येणारे-जाणारे पाहत होते म्हणून. तेव्हा त्या म्हणाल्या, "जराखं जोरमा वाच, बैन. दूरलगून आयकू जावाले पाहिजे."

आता मी जोरात वाचते.