बाळाकाका कंप्युटर उघडतात

बाळाकाका कंप्युटरच्या मेमरीची पट्टी वालाच्या डब्यात ठेवायचे. "रोह्याच्या दमट हवेत वाल टिकतात, मग ही का नाय टिकायची?" हा त्यांचा सवाल. एकदा वालांबरोबर ती पट्टीही भिजत पडणार होती, पण काकूंनी ऐनवेळी बघितली म्हणून वाचली.

काका रोह्यालगतच्या अष्टमी गावातले आमचे शेजारी. कंपनीत मीटर दुरुस्त करून निवृत्त झाले आणि एक आडवा, बुटका कंप्युटर घरी घेऊन आले. नव्वदीच्या त्या दिवसांत आमच्या आळीला तेवढंच नवल पुरलं.

त्या खोक्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मेमरी बसवायची तर आधी हार्ड डिस्क काढा, तिच्यासाठी आधी फ्लॉपीचं खोकं काढा. काका पहिल्यांदा खिडकीचा गज धरून अंगातला करंट सोडायचे, मलाही धरायला लावायचे. मग एसटीच्या कंडक्टरसारखे वायरींवर ओरडायचे, "सरका, पुढे सरका! जागा हाय!" आणि खरंच जागा व्हायची. इतकी समजूतदार बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत.

दर दोन-तीन महिन्यांनी हा सोहळा. लोक विचारायचे, "काका, रॉकेट सोडताय काय?"

रॉकेट कसलं! काकूंचं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. मूर्तीचे डोळे आखावेत तर त्यांनीच. पुढे हात कापू लागला, भावाने गोड बोलून कुंचला काढून घेतला, आणि एवढी बोलकी बाई मुकी झाली. म्हणून हा कंप्युटर. माऊसने डोळे काढायचे, चुकलं तर पुसायचं. पण चित्र मोठं झालं की मशीन अडकायचं. मग आणखी मेमरी, मग मोठी डिस्क.

शेवटी एका रविवारी दोन्ही बसवून झालं. मी माऊस फिरवून पाहिला, कुठेच अडकत नव्हतं. मग काकू बसल्या. पापणीची रेघ निघाली आणि मध्येच थरथरली. त्यांनी पुसली, पुन्हा काढली. पुन्हा तेच.

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"मशीनच थरथरतंय गो. तुझा हात बरा हाय. आणखी मेमरी टाकू."

इतकं सुंदर खोटं मी आजवर ऐकलेलं नाही.

"व्हय, मशीनच हाय ते," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.