इंदिराअक्कांचा आवाज कोणी बदलला?

धुळ्यात गुन्हे फार घडत नाहीत आणि त्याचं कारण मी आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी प्रेमराज पाटील, खासगी गुप्तहेर. बुद्धी तलवारीसारखी, नजर घारीसारखी. चष्मा आहे, पण तो फक्त दिसण्यासाठी. देवपुरातल्या माझ्या दुकानात झेरॉक्स काढून मिळते, ते केवळ वेषांतर. गेली बारा वर्षं मी या वेषांतरात आहे आणि मी गुप्तहेर असल्याचा संशय अजून एकाही माणसाला आलेला नाही.

मंगळवारी सकाळी अकराला शेजारच्या जिन्यावरून पुनम धावत आली. वरच्या खोलीत तिचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे.

"प्रेमराजभाऊ, चला लवकर. इंदिराअक्का रडताहेत."

इंदिराअक्का साक्रीच्या. हळदीची गाणी म्हणावीत ती त्यांनीच. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हळू बोलायला परवानगी दिली, गायला मात्र तीन महिने बंदी. आणि नात रेशमाची हळद परवावर आलेली. म्हणून ऑपरेशनच्या आधीच त्यांनी पुनमकडे गाणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते न्यायला आज त्या आल्या होत्या.

पुनमने गाणं लावलं. पहिलं कडवं अक्कांचं, खणखणीत. दुसऱ्या कडव्याला मात्र विहिरीच्या तळाशी बसून एखादा पैलवान गायला लागला: "ईहीनबाई उनी, गाडाभर बोलनी..." म्हणजे विहीणबाई आली नि गाडाभर बोलली, असा विहिणीला टोमणा. तिसऱ्या कडव्यात अक्का पुन्हा हजर.

"हाऊ मना आवाज नही शे," पदराने डोळे पुसत अक्का पुटपुटल्या. "नातनी हयदले हाऊ रेडा गाई का?"

पुन्हा गावं तर घसा जाणार, न गावं तर हळद मुकी. मी खोलीत तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत वायरीत पाय अडकला म्हणून थांबलो.

"पुनम, खाली पिठाची गिरणी आहे."

"आहे."

"तिची घरघर गाण्यात शिरली. आवाज दळला गेला. केस संपली."

"रेकॉर्डिंग ऑपरेशनच्या आधीच्या सोमवारी केलं, भाऊ. सोमवारी गिरणी बंद असते."

मी गिरणीला निर्दोष सोडलं आणि अक्कांकडे वळलो. "त्या दिवशी जेवणात काय होतं?"

"भाकर. वांगानं भरीत."

"भरीत! तेल! दुसऱ्या कडव्याला घसा बसला."

"आणि तिसऱ्याला उठला?" पुनमने विचारलं.

"विश्रांती घेऊन," मी म्हणालो, पण आता माझाच आवाज बसला होता.

उरला एकच सिद्धांत: आत दुसरा माणूस घुसला होता. मी गिरणीवाल्या झिपरूला वर बोलावलं.

"बघा, चेहरा कसा पांढराफटक पडलाय!"

"पीठ शे ते, भाऊ," झिपरू म्हणाला.

मी त्याला माइकसमोर उभं करून तीच ओळ म्हणायला लावली. डोळे मिटून तो इतक्या नाजूक आवाजात गायला की अक्कांना रडता रडता हसू फुटलं. झिपरूला गाणं इतकं आवडलं की त्याला ढकलत खाली न्यावं लागलं.

मी परत आलो तेव्हा अक्का पुनमशेजारी बसून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टक लावून पाहत होत्या. अक्का गोधड्या शिवतात. पडद्यावर त्यांच्या आवाजाची लांबलचक निळी पट्टी होती आणि मधल्या तुकड्यावर एक केशरी पट्टी. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"पोरी, आठे हाई ठिगळ कसानं?"

पुनमने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा इफेक्ट! काल ट्रॅक्टरच्या जाहिरातीतला आवाज जाड करत होते. दोन्ही फायली उघड्या होत्या. तिकडे लावायचा तो इकडे लागला."

"मग जाहिरातीतला माणूस?" मी विचारलं.

"तो बारीक आवाजातच ट्रॅक्टर विकतोय."

अक्कांना ट्रॅक्टरशी देणंघेणं नव्हतं. "आन् मना आवाज?"

"खाली जसाच्या तसा आहे, अक्का. ठिगळ नुसतं वरून लागलंय. उसवता येतं, सरकवता येतं, कमीजास्त करता येतं."

पुनमने इफेक्ट बंद करून दुसरं कडवं लावलं. विहिरीतला पैलवान गेला होता. खोलीभर अक्काच होत्या, ऑपरेशनच्या आधीच्या. त्या हात मांडीवर ठेवून स्वतःला ऐकत राहिल्या.

"मला हा संशय पहिल्यापासून होता," मी म्हणालो. कोणी मान वर केली नाही.

पुनम ती पट्टी पुसणार, तोच अक्कांनी तिचा हात धरला. चेहऱ्यावर आता भलताच भाव होता.

"बठ्ठं नको काढू. 'गाडाभर' वर ऱ्हाऊ दे."

पुनमने पट्टीची दोन्ही टोकं ओढून ती एका शब्दाएवढी केली. अक्कांनी तीनदा ऐकलं.

"आजून जाड कर."

गुरुवारी साक्रीच्या मांडवात पुढच्या खुर्चीत विहीणबाई भिकुबाई बसल्या होत्या, थेट पहूरहून आलेल्या. मी सुरक्षेसाठी स्पीकरला टेकून उभा होतो. गाणं लागलं. "ईहीनबाई उनी," अक्कांचा आवाज मधासारखा पसरला आणि पाठोपाठ मांडवाचे खांब हादरले: "गाडाभर!"

बायकांत हशा उसळला. भिकुबाई ताडकन उठल्या. "कोन माणूस बोलला रे तो?"

अक्कांनी घशाकडे हात नेऊन आपल्याला जोरात बोलायची बंदी असल्याचं दाखवलं. मग अतिशय गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

भिकुबाईंनी हळदीचं पातेलंच उचललं. मी सगळा उलगडा ट्रॅक्टरपासून सांगायला घेतला, पण तोंडात हळद गेल्यावर माणसाला 'इफेक्ट' म्हणता येत नाही. पिवळ्या चष्म्यातून मला एवढंच दिसलं: इंदिराअक्का खांबाला धरून, डॉक्टरांचा शब्द पाळत, आवाज न करता गदगदा हसत होत्या.