गूळपाण्याचं पुण्य

"दुकानाच्या नावानं यंदा औषधाची पेटी ठेवूया," भाकरी मोडता मोडता परशुराम म्हणाला. "जत्रेच्या गाड्यांवरच आपलं मीठ-तेल खपतंय. कुणाला ताप येतो, कुणाचा पाय ठेचाळतो. तेवढं तरी करावं माणसानं."

देवकीचा मांडीवरच्या तान्ह्याला थोपटणारा हात थांबला. उळवीच्या जत्रेची वाट नंदिगड्ड्याच्या फाट्याला आधी यांच्या दुकानावरून जायची आणि उतार संपला, की बाबुरावांच्या. बाबुरावांच्या बायकोनं, शांतानं, गेल्या माघात पाणपोई घातली, आणि गाडीवानांनी थेट उळवीच्या देवळापुढं तिचं नाव घेतलं. तेव्हापासून शांता विहिरीवर घागर भरायची तीसुद्धा मान उंच करून. देवकीला ते रोज बघावं लागे.

"कडू पाजून कुणी नाव घेतंय व्हय?" ती म्हणाली. "शांताक्का नुसतं पाणी देती. आपण गूळपाणी देऊ."

"अगं, पण लोकांना गरज कशाची हाय..."

"गरजेचं र्‍हाऊ दे. तिच्या दारात एक गाडी थांबता कामा नये, एवढं बघा."

परशुरामानं गुळाची ढेप फोडली.

रानात राहून गूळ उघडा ठेवू नये, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण गाड्या यायच्या दिवशी देवकीला उताराखालचा शांताचा मांडव तेवढा दिसत होता. झाकण ठेवलं तर वास कसा सुटणार? तिनं दोन्ही रांजण सताड उघडे ठेवले. तान्ह्याला मात्र ऊन लागेल म्हणून आत पाळण्यात निजवून दार ओढून घेतलं. तेवढंच एक काम शहाणपणाचं झालं.

पहिली गाडी लखूची, खानापूरकडची. मागं रांगच होती.

"वैनी, लई ग्वाड!" लखू मिशी पुसत म्हणाला.

"बैलांनाबी पाजा की! देवाचंच चाललंय," म्हणत देवकीनं बादल्या भरल्या.

बैलांच्या हनुवट्यांवरून गूळ टिपकू लागला आणि वाटेकडेच्या जांभळीवरचं मधमाश्यांचं मोहोळ खाली उतरलं. पुढच्या बैलानं शेपूट उभारली. मग गाड्याच गाड्या उतारावरून सुटल्या! लखू एका हातानं कासरा आणि एका हातानं मुंडासं धरून ओरडत होता. उताराखाली शांता तांब्या पुढं करून उभी होती, ती तशीच राहिली. तिच्या तोंडावर नुसता धुरळा बसला.

घोंगडीखालून देवकी बघत होती. ओठ सुजून पोळीएवढा झालेला, तरी पुटपुटली, "एकबी थांबली न्हाई!"

"व्हय," घोंगडीच्या दुसऱ्या टोकाखालून परशुराम म्हणाला. "आता उळवीला देवापुढं आपल्या दुकानाच्या नावानं शिमगा हुईल."

तेव्हा कुठं तिला झाकणांची आठवण झाली. गाड्या परतायच्या दिवशी तर ती ताप आल्याचं सांगून आतच बसली. तेवढ्यात दारात शांता.

"देवकी, तुझ्या गूळपाण्याचाच उळवीत बोलबाला झालाय की," ती ओठ चावत म्हणाली. "लखूची गाडी सगळ्यांच्या आधी देवळाला पोचली. पहिला मान त्याचा. सांगतोय, नंदिगड्ड्याच्या गूळपाण्यानं बैलं वाऱ्यागत पळाली."

माश्यांनी पळवलं, असं कोणता गाडीवान चारचौघांत कबूल करील?

"पुढल्या जत्रेला आमीबी गूळपाणीच देणार," शांता म्हणाली. "किती घातलास गूळ, सांग बघू खरं."

देवकीनं सुजलेल्या ओठावर पदर धरला. क्षणभर खरं सांगावंसंही वाटलं. मग तिला विहिरीवरची ती उंच मान आठवली.

"भरपूर घाला, शांताक्का. आणि रांजणावर झाकण ठेवू नगासा. पुण्य आत कोंडतंय."

शांता लगबगीनं गेली. परशुराम बायकोकडं वळला.

"आणि आपण काय द्यायचं पुढल्या वर्षी?"

"तुमची औषधाची पेटी," तान्ह्याला उचलून घेत देवकी म्हणाली. "फक्त इथं नगं. शांताक्काच्या रांजणाम्होरल्या वळणावर ठेवा. थितं गरज पडंल."